झाडाचे जतन आणि तोडणाऱ्याचा जीव : उत्तर कोकणातील जंगलतोडीच्या श्रमाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

वसाहतकालीन वनव्यवस्थेने झाड केव्हा, कोठून आणि कसे तोडावे याचे सूक्ष्म नियम घडविले. हे नियम जंगलाच्या पुनरुत्पत्तीसाठी आणि लाकडाच्या मूल्यासाठी होते. झाड तोडणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार त्यांत क्वचितच झाला. पुढे नुकसानभरपाईचा कायदा आला, मजुरीचे लढे झाले, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या. तरीही ‘सुरक्षित तोड’ या कल्पनेच्या केंद्रस्थानी दीर्घकाळ झाडच राहिले. प्रस्तुत निबंधात उत्तर कोकणातील, विशेषतः जुन्या ठाणे जिल्ह्यातील, जंगलतोडीच्या आधारे या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : कूप, जंगलठेका, वनकायदा, वारली लढा, जंगल कामगार सहकारी संस्था, श्रमसुरक्षा

१. प्रस्तावना

भारतातील वनांच्या इतिहासलेखनाने प्रामुख्याने दोन प्रश्नांचा वेध घेतला आहे. पहिला प्रश्न जंगलावरील हक्काचा आणि दुसरा जंगलाच्या ऱ्हासाचा. राखीव वने कशी निर्माण झाली, आदिवासींचे परंपरागत हक्क कसे संकोचले, रेल्वे आणि जहाजबांधणीसाठी किती झाडे पडली, यांविषयी पुष्कळ लेखन उपलब्ध आहे. परंतु ही झाडे प्रत्यक्ष कोणी पाडली, कोणत्या हत्यारांनी पाडली आणि पाडताना त्यांच्या जिवाची जबाबदारी कोणाकडे होती, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. जंगलतोड म्हटले की झाडाचा मृत्यू डोळ्यांसमोर येतो. तोडणाऱ्याचा मृत्यू किंवा त्याचे कायमचे अपंगत्व सहसा डोळ्यांसमोर येत नाही.

वास्तविक उभे झाड पाडणे हे हाती होणाऱ्या कामांपैकी अत्यंत जोखमीचे काम आहे. कित्येक टन वजनाचे खोड काही क्षणांत जमिनीवर येते. ते कोठे पडेल हे त्याचा कल, फांद्यांचा भार, वारा, जमिनीचा उतार आणि खोडातील पोकळी या सर्वांवर अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही वनकामाची गणना सर्वाधिक धोकादायक व्यवसायांत केली आहे. असे असताना ज्या प्रदेशात शतकभर नियमितपणे कूपतोड चालली, तेथे तोडणाऱ्याच्या सुरक्षिततेचा इतिहास काय होता, हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) वनव्यवस्थापनातील तोडीच्या नियमांचे स्वरूप तपासणे.
२) झाडाची सुरक्षितता आणि तोडणाऱ्याची सुरक्षितता यांतील मेळ व विरोध स्पष्ट करणे.
३) ठेकेदारी, नुकसानभरपाईचा कायदा, मजुरीचा लढा आणि सहकार या टप्प्यांवर तोडणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर येत गेली, याचा शोध घेणे.

हा निबंध कायद्यांतील तरतुदी, प्रसिद्ध अहवाल आणि वनशास्त्रातील प्रचलित कार्यपद्धती यांच्या वाचनावर आधारलेला आहे.

२. वनखाते आणि ‘तोड’ या क्रियेचे नियमन

पश्चिम किनाऱ्यावरील सागाला जहाजबांधणीमुळे मोठे महत्त्व होते. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये आले. त्यानंतर वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजे बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागाचा साठा आटत असल्याची चिंता व्यक्त होऊ लागली आणि १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नियुक्ती झाली. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला. पुढील दशकांत रूळमार्गांचे जाळे पसरत गेले, तशी स्लीपर आणि जळाऊ लाकूड यांची मागणी वाढत गेली. १८६४ मध्ये डायट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली केंद्रीय वनखाते आकाराला आले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राज्यसंस्थेचा जंगलावरील अधिकार पक्का केला.

ठाणे जिल्ह्यात या कायद्यांचा सर्वांत तीव्र संघर्ष ‘राब’ या शेतीपद्धतीशी झाला. भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी शेतकरी झाडांच्या फांद्या व पाला तोडून आणीत. या शिरतोडीवर निर्बंध आल्याने असंतोष वाढला आणि १८८५ मध्ये सरकारने वनविषयक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबासाठी झाडावर चढून फांद्या उतरविणे हे या भागातील आदिवासी आणि कुणब्यांचे वर्षानुवर्षांचे कौशल्य होते. आयोगापुढील वाद मात्र फांदी तोडण्याचा हक्क कोणाला, याचा होता. चढणाऱ्याचा पाय घसरला तर काय, हा प्रश्न त्या चौकटीत येणारा नव्हता.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमात या दृष्टीचे स्पष्ट प्रतिबिंब पडले आहे. राखीव वनात झाड तोडणे, त्याची साल काढणे, फांद्या छाटणे हे गुन्हे आहेतच. त्याबरोबर झाड पाडताना किंवा लाकूड कापताना, ओढताना निष्काळजीपणामुळे नुकसान करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे तोडीतील निष्काळजीपणा ही कल्पना कायद्याला पूर्णपणे परिचित होती. परंतु निष्काळजी ठरणारा तो तोडणारा, आणि नुकसान होणार ते जंगलाचे. ६३ व्या कलमाने झाडावरील किंवा लाकडावरील खुणांची नक्कल करणे वा त्या खोडणे यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. हातोड्याने उमटवलेला शिक्का कायद्याने इतका जपला. ते झाड ज्याच्या अंगावर पडू शकते, त्याची नोंद ठेवण्याची अशी कोणतीही व्यवस्था या कायद्यात नव्हती.

याच काळात अन्य उद्योगांत वेगळी हालचाल चालू होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याची कल्पना आणली. १९०१ च्या खाण कायद्याने निरीक्षणाची व्यवस्था केली. कारखाना आणि खाण ही बंदिस्त, नकाशावर दाखविता येणारी कामाची ठिकाणे होती. कूप दर हंगामाला जागा बदलणारे, गावापासून दूर आणि मजूर पांगलेले असे ठिकाण होते. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाची कार्यकक्षाही औद्योगिक आस्थापना आणि मळे यांपुरती होती. जंगलातील मजूर या सर्व चौकटींबाहेर राहिला.

३. तोडीचे तंत्र : दोन सुरक्षिततांचा मेळ आणि विरोध

तोडीचे नियम समजून घेण्यासाठी झाड पाडण्याची क्रिया थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ज्या दिशेला झाड पाडायचे त्या बाजूला प्रथम बुंध्यात खाच घेतली जाते. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, मागचा काप घेतला जातो. दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक अरुंद पट्टी राखली जाते. ही पट्टी बिजागरीप्रमाणे काम करते. झाड तिच्यावर वाकत ठरलेल्या दिशेने खाली येते. पट्टी पूर्ण कापली गेली तर झाडावरचा ताबा सुटतो. कललेल्या झाडाचा मागचा काप बेताने घेतला नाही तर खोड उभे चिरते आणि फाटलेला भाग तोडणाऱ्याच्या छातीवर उसळतो. म्हणून झाड पडू लागताच तिरपे मागे सरकण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी लागते. पडणारे झाड शेजारच्या झाडात अडकले तर ते सर्वांत घातक, कारण ते केव्हा आणि कसे सुटेल याचा नेम नसतो.

कुऱ्हाड, दोघांनी ओढायची करवत, पाचर आणि दोर या साधनांनी हे काम करणाऱ्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आदी समाजांतील मजुरांना झाडाचा कल आणि फांद्यांचा भार वाचण्याचे ज्ञान अनुभवातून प्राप्त झालेले होते. वनखात्याचे नियम या ज्ञानाच्या शेजारी उभे राहिले. त्यांपैकी काही नियमांनी तोडणाऱ्याचेही रक्षण केले. काहींनी त्याचा धोका वाढविला.

मेळाचे उत्तम उदाहरण वेलतोडीचे आहे. पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या जंगलात जाड वेली एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर जातात. सागाची वाढ खुंटते म्हणून त्या वेळेपूर्वी तोडाव्यात, अशी वनव्यवस्थापनाची रीत होती. वेलींनी बांधलेले झाड पाडले तर ते ठरल्या दिशेने पडत नाही, शेजारच्या झाडाच्या फांद्या ओढून खाली आणते. त्यामुळे आधी केलेली वेलतोड झाडाप्रमाणेच माणसाच्याही हिताची होती. दिशा ठरवून झाड पाडण्याच्या नियमाचेही तसेच. राखलेल्या उभ्या झाडांना आणि कोवळ्या रोपांना इजा होऊ नये हा त्याचा हेतू. परंतु दिशा ठरवावी लागल्याने तोडणाऱ्याला आपली उभी राहण्याची जागाही ठरवावी लागे.

विरोधाची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. साग तोडल्यावर बुडख्याला नवे फुटवे येतात. ठाण्याच्या जंगलांत फुटव्यांवर आधारलेली पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. फुटवा जोमदार यावा म्हणून झाड जमिनीलगत, धारदार हत्याराने, साल न फाटू देता आणि पाणी साचणार नाही अशा तिरप्या कापाने तोडावे, असा दंडक होता. जमिनीलगत तोडल्याने लाकूडही वाया जात नसे. झाडाच्या दृष्टीने हा नियम निर्दोष आहे. तोडणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की दिवसभर कमरेत वाकून किंवा उकिडवे बसून कुऱ्हाड चालवायची. निसटलेला घाव नडगीवर किंवा पावलावर यायचा. आणि झाड कलू लागले की त्याच बैठकीतून उठून मागे पळायचे. उभ्याने कंबरेच्या उंचीवर तोडणारा मजूर अधिक सुरक्षित, पण तो नियमभंग करणारा ठरे.

उतारावरील तोडीचेही असेच आहे. खोड फुटू नये म्हणून झाड उताराच्या वरच्या बाजूला पाडण्याची शिफारस केली जाते, कारण तसे पडताना झाडाला कमी उंचीवरून जमीन लागते. पण वर पडलेल्या झाडाचा बुंधा सुटून खाली, म्हणजे तोडणारा जेथे उभा असतो तिकडे, घसरू शकतो. येथे लाकूड वाचविणारी दिशा माणसासाठी जोखमीची होते. तोडणाऱ्याने बाजूला सरकण्याची वाट राखली तर दोन्ही साधते. म्हणजे विरोध सोडविता येण्याजोगा होता. त्यासाठी नियम करणाऱ्याने खोडाबरोबर माणसाच्याही जागेचा विचार करणे आवश्यक होते.

४. कूपाचा लिलाव आणि जबाबदारीची साखळी

हा विचार न होण्याचे मुख्य कारण कूपाच्या विक्रीपद्धतीत सापडते. वनखाते कार्ययोजनेनुसार जंगलाचे वार्षिक कूप पाडी, तोडावयाच्या किंवा राखावयाच्या झाडांवर शिक्के मारी आणि उभे कूप लिलावाने ठेकेदाराला विकी. विक्री झाल्यावर झाड पाडणे, फांद्या साफ करणे, ओंडके ओढणे आणि वखारीपर्यंत नेणे ही सर्व कामे ठेकेदाराची. मजूर खात्याचा नव्हे, ठेकेदाराचा. ठेकेदार अनेकदा मुकादमामार्फत मजूर आणी. अशा रीतीने झाडावर शिक्का मारणारा अधिकारी आणि झाडावर घाव घालणारा माणूस यांच्यात किमान दोन पायऱ्या निर्माण झाल्या. अधिकारी तोडीनंतर कूपाची तपासणी करी. बुडख्याची उंची मोजली जाई, राखलेली झाडे मोजली जात, चुकीबद्दल ठेकेदाराला दंड होई. माणसे मोजण्याचे कारणच नव्हते.

ठेक्याची मुदत हा दुसरा घटक. तोड कोरड्या हंगामात होई आणि पावसाळ्यापूर्वी कूप रिकामे करणे बंधनकारक असे. लिलावात चढी बोली लावलेल्या ठेकेदाराला ही मुदत गाठायची असे आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा असे. या दोन्ही दडपणांचा भार अखेरीस तोडणाऱ्यावर येई. मजुरी नगावर किंवा मापावर असल्यास घाई हीच कमाई ठरते. अडकलेले झाड सोडवायला अर्धा दिवस घालविणे त्याला परवडत नाही. त्या झाडाखालूनच तो पुढच्या झाडाकडे वळतो.

तिसरा घटक कर्जाचा. जंगलठेकेदार, सावकार आणि जमीनदार ही अनेक ठिकाणी एकाच वर्तुळातील माणसे होती. पावसाळ्यातील खावटीच्या बदल्यात हिवाळ्यातील श्रम आधीच गहाण पडलेले असत. लग्नाच्या कर्जापायी राबणारा लग्नगडी आणि बिनमोबदल्याची वेठ या प्रथा ठाणे जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातही चालू होत्या. धोकादायक काम नाकारण्याचा अधिकार हा श्रमसुरक्षेचा पाया मानला जातो. कर्जबद्ध मजुराला तो अधिकार असणे शक्य नव्हते.

५. नुकसानभरपाईचा कायदा आणि त्याच्या मर्यादा

कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाल्यास मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे त्याचे तत्त्व क्रांतिकारक होते. कोणते कामगार या कायद्याखाली येतात याची यादी दुसऱ्या अनुसूचीत दिली गेली. या अनुसूचीचा विस्तार होत गेला आणि झाडे तोडणे, ओंडक्यांची वाहतूक तसेच वणवा विझविणे ही कामेही तीत आली. वनकायद्याने लाकूड पाहिले होते. या कायद्याने प्रथमच लाकूड तोडणारा पाहिला.

परंतु कायदा जंगलात पोहोचण्याच्या वाटेत अनेक अडथळे होते. पहिला अडथळा मालक कोण, हा. बाराव्या कलमानुसार ठेकेदारामार्फत काम करवून घेणारा मुख्य मालकही भरपाईस जबाबदार असतो, पण ते काम त्याच्या व्यवसायाचा नेहमीचा भाग असावे लागते. वनखाते ठेकेदाराकडून तोड करवून घेत नव्हते, ते उभे कूप विकत होते. त्यामुळे या कलमाचा आधार घेणे अवघड होते. दुसरा अडथळा व्याख्येचा. नैमित्तिक स्वरूपाचे आणि मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेले काम करणारा मजूर कायद्याच्या व्याख्येतून वगळला होता. हा अपवाद २००० च्या दुरुस्तीने दूर झाला. तिसरा अडथळा पुराव्याचा. भरपाईची रक्कम मासिक मजुरीवर ठरते. ज्याची मजुरी धान्यात आणि कर्जाच्या वजावटीत जिरते, त्याची मासिक मजुरी कोणत्या कागदावर सापडणार?

आणखी एक तरतूद येथे लक्षणीय आहे. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला, तर काही परिस्थितींत मालकाची जबाबदारी टळते. या तरतुदीमागे असे नियम अस्तित्वात आहेत, हे गृहीत होते. कारखान्यात ते होते. कूपात मात्र जे नियम होते ते बुडख्याची उंची, राखीव झाडे आणि शिक्के यांविषयीचे. कायद्याने गृहीत धरलेली सुरक्षिततेची संस्कृती जंगलात निर्माणच झालेली नव्हती.

६. सायमिंग्टन अहवाल ते वारली लढा

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. त्या काळात डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे प्रांताच्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीचे काम सोपविण्यात आले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने कर्जबाजारीपणा, वेठ आणि ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक अधिकृतपणे नोंदविली. जंगलातील मजूर सरकारी दस्तऐवजात केवळ वनगुन्हेगार म्हणून न येता श्रमिक म्हणून आला, हे या अहवालाचे महत्त्व आहे.

त्यानंतर अवघ्या काही वर्षांत मजुरांनी स्वतः आपला प्रश्न मांडला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने १९४५ मध्ये डहाणू–उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. १९४६ च्या उत्तरार्धात लढा जंगलातील तोडीकडे वळला आणि दिवसाला किमान १ रुपया ४ आणे मजुरीची मागणी पुढे आली. तोड थांबली, तेव्हा लाकूड व्यापाऱ्यांना वाटाघाटींस यावे लागले. या लढ्याचे वृत्त गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात आले आहे. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

या लढ्याची मागणी मजुरीची होती, अपघातापासून संरक्षणाची नव्हती, हे खरे. परंतु त्यामुळे त्याचे सुरक्षिततेच्या इतिहासातील स्थान कमी होत नाही. मागणी दिवसाच्या मजुरीची होती. मापावरील मजुरीत प्रत्येक सावध क्षण तोट्याचा असतो, तर दिवसाच्या मजुरीत घाई आणि कमाई यांचा थेट संबंध तुटतो. शिवाय वेठ संपली की काम नाकारण्याची शक्यता निर्माण होते. या अर्थाने, जंगलातील तोडणाऱ्याच्या सुरक्षिततेची पहिली मोठी पायरी सुरक्षिततेचे नाव न घेता चढली गेली, असे म्हणता येते.

७. जंगल कामगार सहकारी संस्था : मजूरच मालक

खेर मंत्रिमंडळाच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १९४७ मध्ये, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू झाली. ठेकेदाराला मध्यातून काढावे आणि तोडणाऱ्यांच्याच संस्थेला लिलावाशिवाय कूप द्यावे, अशी तिची मूळ कल्पना. ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळासारख्या संस्थांनी या सोसायट्यांचे पालकत्व स्वीकारले. हिशेब, वखार आणि विक्री यांचा अनुभव नसलेल्या सभासदांना बाहेरच्या कार्यकर्त्यांचा आधार आवश्यक होता. लाकडाच्या विक्रीतील नफ्याचा अंश शिक्षण, आरोग्य आदी कामांवर खर्च व्हावा, अशीही अपेक्षा होती.

श्रमसुरक्षेच्या दृष्टीने या प्रयोगाचे दोन परिणाम संभवत होते. मजुरांची नोंद ठेवणारी, कार्यालय असलेली एक संस्था अस्तित्वात आली. मालक कोण, या प्रश्नाला प्रथमच निश्चित उत्तर मिळाले. दुसऱ्या बाजूने, कूप मिळविण्याच्या अटी वनखात्याच्याच राहिल्या. मुदत तीच, बुडख्याचा दंडक तोच, तपासणीही तीच. संस्थेने ठेकेदाराची जागा घेतली, पण तोडीच्या नियमांचे केंद्र बदलले नाही. भरपाई द्यायची तर ती सभासदांच्याच सामाईक नफ्यातून. त्यामुळे मजूर आणि मालक एकच झाल्याने न्याय सोपा झाला, तसाच तो काही अंशी अवघडही झाला.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमातही जंगलतोडीचे दुय्यम स्थान दिसते. त्याच्या अनुसूचीत शेतीची व्याख्या करताना, शेतीकामाच्या अनुषंगाने होणारी वनकामे व लाकूडतोड शेतीत समाविष्ट केली आहेत. वेतनाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. पण नांगर धरणे आणि सागाचे झाड पाडणे यांतील जोखमीचा फरक अशा वर्गीकरणात पुसला जातो.

पुढे १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाने, १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीवर उत्तरोत्तर निर्बंध आले. जंगलाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह होते. कूपांवर जगणाऱ्या सहकारी संस्थांचे काम मात्र आक्रसले आणि त्यांच्याबरोबर संघटित तोडणाऱ्याचा वर्गही विरळ होत गेला.

८. प्रशिक्षण आणि यांत्रिक करवत

१९६५ नंतर देहरादून केंद्रस्थानी ठेवून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने लाकूडतोड प्रशिक्षणाचा प्रकल्प भारतात राबविला गेला. सुधारित दातांची करवत, हत्यारांना धार लावण्याची पद्धत आणि शास्त्रशुद्ध तोड यांचे शिक्षण त्यातून देण्यात आले. बोथट हत्यार अधिक जोर मागते आणि जोराने निसटते. म्हणून धार हा उत्पादनाइतकाच सुरक्षिततेचाही विषय आहे. कौशल्य आणि सुरक्षितता यांचा हा संबंध येथे प्रथमच अभ्यासक्रमाचा भाग झाला.

दरम्यान पाश्चात्त्य देशांत यांत्रिक साखळी-करवतीने तोडीचे स्वरूप बदलले. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला पेलणाऱ्या पेट्रोलच्या करवती प्रचारात आल्या. त्यांनी वेग आणला, तसेच नवे धोकेही आणले. पात्याचे टोक लाकडाला लागून करवत उसळणे, सततच्या कंपनामुळे बोटांतील रक्तप्रवाह मंदावणे आणि कर्कश आवाजाने ऐकू कमी येणे हे त्यांपैकी प्रमुख. त्यांवर साखळी थांबविणारा ब्रेक, कंपन शोषणारी मूठ, शिरस्त्राण, कर्णरक्षक आणि पाय न कापू देणारा पोशाख हे उपाय निघाले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीची आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यात शासन, मालक, ठेकेदार, कामगार आणि यंत्रनिर्माते या प्रत्येकाची जबाबदारी स्वतंत्रपणे मांडली आहे. तोडीच्या जागेपासून इतरांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावे, माघारीची वाट आधी मोकळी करावी, अडकलेल्या झाडाखाली काम करू नये, एकट्याने तोड करू नये, हे नियम तिने नोंदविले. यांपैकी बहुतेक गोष्टी अनुभवी लाकूडतोड्याला अपरिचित नव्हत्या. नवे होते ते इतकेच की त्या पाळता याव्यात अशी परिस्थिती निर्माण करणे हे इतरांचे कर्तव्य ठरले.

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आणि १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा कायदा यांचा विषय परवानगी, जतन आणि नवी लागवड हा आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आणि १९२३ च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मात्र सुरक्षा संहितेची सर्वसाधारण मर्यादा दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेची आहे. शेताच्या बांधावरील झाड पाडणारी तीन-चार माणसांची टोळी किंवा पावसाळ्यापूर्वी शहरातील फांद्या उतरविणारी छोटी तुकडी या मर्यादेत सहज बसत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वसाहतकालीन वनव्यवस्थेत तोडीचे तपशीलवार नियम होते. त्यांचा हेतू पुनरुत्पत्ती आणि महसूल हा होता. निष्काळजीपणा आणि नुकसान या संकल्पना झाडापुरत्या मर्यादित होत्या.

२) झाडाचे आणि तोडणाऱ्याचे हित सर्वत्र परस्परविरोधी नव्हते. वेलतोड आणि दिशानिश्चिती यांत ते एकत्र येत. जमिनीलगतची तोड, उतारावरील तोड आणि हंगामाची मुदत यांत ते वेगळे होत. अशा प्रत्येक ठिकाणी नियम झाडाच्या बाजूने झुकला.

३) उभ्या कूपाच्या विक्रीने वनखाते मालकाच्या भूमिकेतून बाहेर पडले आणि कर्जबद्धतेने मजुराचा नकाराधिकार नष्ट केला. अपघाताची जबाबदारी या दोहोंच्या मधल्या पोकळीत हरवली.

४) १९४५–४७ चा वारली लढा आणि १९४७ नंतरचा सहकार यांनी ही पोकळी काही अंशी भरून काढली. तथापि तोडीचे निकष ठरविण्याच्या प्रक्रियेत तोडणाऱ्याला स्थान मिळाले नाही.

वनांच्या इतिहासात झाडांची मोजदाद उपलब्ध आहे, कारण ती करण्याची यंत्रणा होती. बुडख्यांची उंची नोंदली गेली, शिक्के नोंदले गेले, घनफूट नोंदले गेले. त्या बुडख्यांपाशी जायबंदी झालेल्यांची अशी सलग नोंदवही नाही. ही उणीव दस्तऐवजांची आहे, तशीच ती दृष्टीचीही आहे. जंगल कामगार सोसायट्यांची जुनी दप्तरे, नुकसानभरपाई आयुक्तांपुढील प्रकरणे आणि पालघर, ठाणे, नाशिक या जिल्ह्यांतील वयोवृद्ध तोडणाऱ्यांच्या मौखिक आठवणी या तीन साधनांचा एकत्रित अभ्यास झाल्यास हा इतिहास अधिक पूर्ण होऊ शकेल. त्यांपैकी तिसरे साधन दरवर्षी कमी होत आहे.

वृक्षतोडीला विरोध करणाऱ्या आजच्या सुजाण समाजानेही एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. अनिवार्य म्हणून जे झाड तोडले जाते, त्याच्या परवानगीच्या कागदावर झाडाची जात, घेर आणि कारण यांच्या रकान्यांशेजारी ते कोण तोडणार, त्याला प्रशिक्षण आहे काय आणि त्याच्या जिवाची हमी कोणाची, असे आणखी तीन रकाने असावयास हवेत.